रॉकचा चाळा

यमे, तुझ्या शोकसभेत चार शब्द बोलायला म्हणून माझं नाव पुकारलं आणि मी एकही शब्द बोलले नाही. आश्रमशाळेच्या हेडसरांनी सूर्यमाळहून खास निरोप धाडला होता, "तुम्ही त्यांच्या जुन्या मैत्रीण, तुम्ही बोललंच पाहिजे." मी मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. शोकप्रस्तावाचे कितीतरी मसुदे माझ्या हाताखालून गेलेत. 'अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' हे वाक्य मी झोपेतही लिहीन. पण तू मनमिळाऊ कुठे होतीस? तू हट्टी होतीस, कोडगी होतीस, आणि एकदा हसायला लागलीस की तुला पाणी पाजून थांबवावं लागायचं. हे माईकवर कसं सांगणार? म्हणून ते चार शब्द आता घरी बसून लिहिते आहे. चारात आटोपणार नाहीत हे तुलाही माहीत आहे.

काविळीनं तुला आठ दिवसांत नेलं, यावर मी इथे काही लिहिणार नाही. लिहायला घेतलं तर फक्त शिव्याच येतील. मला नाशिकबद्दल लिहायचंय.

त्याआधी जव्हारचं होस्टेल. अकरावीला आपल्याला एकच खोली मिळाली. मी खोडाळ्याच्या गुरुजींची मुलगी, शुद्ध बोलणारी. घरात शाळेची मराठी बोलायची सक्तीच होती. तू सूर्यमाळच्या पाड्यावरून आलेली, पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत कपडे कमी आणि पपईच्या देठाच्या नळ्या जास्त. रोज संध्याकाळी तू तांब्यात पाणी घ्यायचीस, त्यात नळी बुडवायचीस आणि फुंकत बसायचीस. बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. गालात साठवलेली हवा तोंडानं सोडायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास ओढायचा. तुझा आजा तारपा वाजवायचा. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचं लांब तोंड. तो एकदा सुरू झाला की मध्ये श्वासाला थांबायचं नसतं, कारण तारपा थांबला तर नाचणाऱ्यांचे पाय थांबतात.

एकदा रेक्टरबाई आल्या. तुझे फुगलेले गाल आणि तांब्यातली खळखळ बघून म्हणाल्या, "यमुना, हे काय चाळे चाललेत?"

तू नळी बाहेर काढलीस आणि अगदी गंभीरपणे सांगितलंस, "चाळा नाय ओ बाई, अजून नुसता दम धरतंय."

आपल्याकडे तारप्याच्या चालीला चाळा म्हणतात. मोराचा चाळा, लावरीचा चाळा, बदकाचा चाळा. चाळा बदलला की पायांचा ठेका बदलतो. बाई नाशिककडच्या, त्यांना चाळा म्हणजे माकडचाळे एवढंच ठाऊक. तुला वाटलं बाईंनी आस्थेनं विचारलं. आठवडाभर तुला पाण्याच्या रांगेत शेवटी उभं केलं, तरी शेवटपर्यंत तुला कळलं नाही की चुकलं काय.

मला मात्र कळत होतं. माझाही आजा तारप्यापुढे घोळकाठी आपटत नाचायचा, सगळ्या रांगेचा पुढारी म्हणून. पण ते आमच्या घरात कुणी बोलत नसे, आणि मी तर कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं.

तुझं दुखणं वेगळं होतं. आज्याचे दात गेले होते आणि दात गेले की दम गळतो. तुझा बाप आणि दोघे भाऊ दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. आज्यामागे तारपा उचलणारं कुणी नव्हतं. होतीस ती तू, आणि पोरी तारपा वाजवत नाहीत. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुणी वाजवल्याचं ऐकलंही नव्हतं. आजा तुला म्हणाला होता, "घरात वाजव. रिंगणात नाय." रिंगणात नाही तर तारपा कसला, हे तू मला अंधार पडेपर्यंत समजावत बसायचीस. मी कानात वॉकमन घालून बसायचे.

तो वॉकमन आणि त्यातली कॅसेट माझ्या दादाची. दादा नाशिकला इंजिनिअरिंगला होता, केस वाढवून. त्याच्या कॉलेजात दरवर्षी बँडची स्पर्धा व्हायची. मी घरी 'वाद्यसंगीत स्पर्धा' असं सांगितलं. बाबांना वाटलं पेटी-तबला असेल, म्हणून त्यांनी परवानगी दिली, वर रेक्टरबाईंना चिठ्ठीही लिहून दिली. जव्हारहून सकाळची नाशिक गाडी धरली. तोरंगणच्या घाटात तुला मळमळलं. मी ड्रेसवर दादाचा काळा टी-शर्ट चढवला होता, त्यावर कवटीचं चित्र.

"मढ्याचं डोकं कशाला घातलंस गे?" तू विचारलंस.

"रॉकला असंच घालतात," मी म्हणाले. मला तरी कुठे काय माहीत होतं?

दुपारी तीनचं ऊन, बास्केटबॉलचं मैदान, कडेला भिंतीएवढे स्पीकर. मैदानाच्या कडेला तू चपला काढल्यास. मी खेकसले, "घाल, लोक बघतायत." तू म्हणालीस, "वाजाप मांडलाय ना? मग?" शेवटी अनवाणीच आत आलीस, त्या तापलेल्या सिमेंटवर. पहिला बँड सुरू झाला आणि आपल्या पुढचा एक मुलगा वाकून मान गरागरा फिरवायला लागला. केस मोकळे, डोळे मिटलेले. तू माझा हात घट्ट धरलास.

"अगे, याला वारं आलंय! धरा कुणीतरी!"

मी सांगेपर्यंत तू बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलंससुद्धा, आणि दोन्ही खांदे धरून विचारलंस, "कोण देव हाय? बोल!" तो बिचारा थेंब गाळत उभा. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "थँक्यू, फार गरम होत होतं." आजही हे आठवलं की मला हसू येतं, आणि मग आठवतं की हसायला बाजूला तू नाहीस.

पण त्या दुपारची खरी गोष्ट वेगळीच होती. तिसऱ्या बँडमध्ये ड्रमवर एक मुलगी बसली होती. कुरळे केस, बारीक अंगाची, आणि असे काही तडाखे देत होती की स्पीकरचं कापड थरथरत होतं. तू हसायची थांबलीस. मग तू म्हणालीस, "पोरगी वाजवते." थोड्या वेळानं पुन्हा तेच, "पोरगी वाजवते, आन् सगळी नाचतात."

परत निघताना तू फाटकापर्यंत उलटी चालत आलीस. तोंड स्टेजकडे, पाठ फाटकाकडे. एका भेळवाल्याच्या गाडीवर आदळलीस, त्याच्या चुरमुऱ्यांची परात कलंडली. मी लाजेनं अर्धी झाले. "हे काय?"

"तारप्याला पाठ दावाची नाय," तू म्हणालीस. आपल्याकडे नाचणारे तारप्याकडे कधी पाठ करत नाहीत. तो जिकडे वळेल तिकडे रांग वळते.

"तो तारपा नाहीये, गिटार आहे."

"वाजतंय ना?"

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, रॉक म्हणजे जगातली मोठी गोष्ट, तारपा आपला पाड्यावरचा. तुझं म्हणणं, "त्यात दम कुठं हाय? वीज वाजवते. वीज गेली का झाला." दहा वर्षं हेच. खोडाळ्याच्या बाजारात भेटलो तरी हेच, फोनवर हेच. आपण दोघींनी मुलाबाळांच्या, नोकरीच्या गप्पा फारशा कधी मारल्याच नाहीत.

बारावीच्या वर्षी पुन्हा गेलो. ड्रमवाली होतीच. वाजवणं संपल्यावर तू थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि हातवारे करून तारपा म्हणजे काय ते सांगितलंस. ती म्हणाली, "अगले साल लेके आना." तू म्हणालीस, "लाती मैं. पन हात धुके पकडनेका." ती हसली नाही. "हाँ, धोके पकडूँगी," म्हणाली. मला वाटलं ती विसरून जाईल, तूही विसरशील. होस्टेलवर आल्यावर तू खोलीत पायानं तिचा ठेका धरायला लागलीस आणि नळीतून वर काहीतरी घोळवायला लागलीस. खालच्या खोलीतल्या मुलींनी तक्रार केली. सुट्टीत घरी गेलीस तर आज्यानं ऐकून विचारलं, "ह्यो कंचा चाळा?"

"रॉकचा."

आजा म्हणे एकेक पाखरू आठवू लागला. मोर त्याला माहीत, लावरी माहीत. "रॉक कंचा पाखरू गे?"

तू सांगितलंस, "नाशकात हाय. केस मोठे, आन् उन्हात नाचतंय."

तिसऱ्या वर्षी तू तारपा घेऊन निघालीस, आजीच्या लुगड्यात गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, "एवढं लांब काय आहे? टपावर टाका." तू म्हणालीस, "मीच टपावर बसतंय, याला सीट द्या." शेवटी तारपा खिडकीशी बसला आणि आपण दोघी नाशिकपर्यंत उभ्या राहिलो.

आता ते लिहायला हवं. शोकसभेत हेच सांगायचं राहिलं होतं.

चारच्या सुमारास वीज गेली. गिटार मुकं झालं, गाणारा नुसताच तोंड हलवताना दिसला, पोरं ओरडायला लागली. जनरेटर काही केल्या सुरू होईना. ड्रमवालीनं तुला गर्दीत शोधून हात केला. तू लुगडं सोडलंस, तारपा काढलास, स्टेजवर चढलीस. साधा परकर-पोलका, अनवाणी पाय. पहिला सूर निघाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए, लग्न कुणाचंय?" दुसरा ओरडला, "साप काढ, साप!" सगळं मैदान हसलं. माझ्या शेजारी दादाचा मित्र उभा होता. त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडची आहे का गं ही?"

मी म्हणाले, "नाही."

आणि वळले. यमे, तू वाजवत असताना मी तुला पाठ दाखवली, आणि कवटीचा टी-शर्ट घालून फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीपर्यंत सरळ चालत गेले.

तिथे उभी राहून ऐकलं ते असं. आधी हसणं. मग हसणं विरळ होत गेलं. तुझा दम काही तुटेना. मग ड्रम आला, त्याला कुठे वीज लागते? मग पाय. आधी थोडे, मग इतके की गाडीवरच्या काचेच्या ग्लासांना कंप सुटला. मी वळून बघितलं नाही. एकदा पाठ केल्यावर कुठल्या तोंडानं वळणार? दादानं नंतर सांगितलं, तू स्टेजवरून खाली उतरलीस, इंजिनिअरिंगची ती पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून तुझ्याभोवती रिंगण धरून फिरत होती, पहिल्या वर्षी तू ज्याच्या डोक्यावर पाणी ओतलंस तो मुलगा सगळ्यात पुढे होता. वीज आली तरी त्यांना कुणी थांबवलं नाही. गिटारवाला बाजूला उभा राहून वाट बघत होता आणि मग हळूच तुझ्या सुरात शिरला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम मी पाठीनं ऐकला.

तू बाहेर आलीस तेव्हा घामानं निथळत होतीस. माझ्या हातातला ग्लास घेतलास, एक घोट प्यायलीस आणि म्हणालीस, "गार झालाय." बस. त्यापुढे त्या गोष्टीचं नाव नाही. घाटात माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस, मळमळलंसुद्धा नाही.

त्या वर्षी भात कापणी झाल्यावर सूर्यमाळला तू रिंगणात तारपा घेऊन उभी राहिलीस. मी नव्हते, तुझ्या आजीनं खोडाळ्याच्या बाजारात नागलीच्या पोत्यावर बसून मला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तू वाजवायला लागलीस आणि कुणी जागचं हललं नाही. एक जण म्हणाला, "बाईच्या तारप्यावर पाय नाय उचलत." तू मोराचा वाजवलास, लावरीचा वाजवलास, लोक तस्सेच उभे. मग तू रॉकचा धरलास. खाटेवर बसलेला आजा उठला, म्हणाला, "ह्या पाखराला पाय व्हवेत," आणि घोळकाठी उचलून पुढे झाला. त्यानंच रिंगणात नाही म्हणून बजावलं होतं! आजा पुढे झाल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? आजी सांगताना रडत होती आणि त्याच वेळी नागलीचा भावही करत होती.

पुढे तू सूर्यमाळच्याच आश्रमशाळेत बाई म्हणून लागलीस आणि मुलींना नळी-तांब्या धरायला लावलास. उन्हाळ्यात सूर्यमाळला प्यायला पाणी नसतं, म्हणून आंघोळीचं उरलेलं पाणी डब्यात जपून ठेवून त्यात दम शिकवायचीस. दर वर्षी शाळेच्या कार्यक्रमाचा मला फोन. मी दर वर्षी, "ऑफिस आहे गं." गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, "येशील तर पुढं बस. मागून तुला ओळखतंय मी." मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर हातातल्या फायली तशाच राहिल्या. तेव्हा म्हणायचं होतं, 'यमे, चुकले.' जिभेवर आलं होतं. एवढा साधा शब्द, आणि त्याला माझ्याकडे दम नव्हता.

शोकसभा शाळेच्या मैदानावर होती. भातं कापून झालेली, ऊन छान पडलेलं. माईकपुढे मी उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. हेडसर साताऱ्याकडचे, बदलून येऊन वर्षही झालेलं नाही, त्यांनी मला सावरून घेतलं आणि जाहीर केलं, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू."

तेव्हा तुझी विद्यार्थिनी चैती उठली. नववीतली, तुझ्यासारखेच गाल असलेली. "सर, बाईंनी आमाला गप ऱ्हायाचं नाय शिकवलं. दम सोडाचा नाय, असा शिकवलाय."

मागे बसलेल्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. मयताला तारपा वाजवत नाहीत, तो पिकाचा. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "पन शोकसभा आपली कुठं हाय? ती सरकारी. तिच्यात काय वाजवाचा ते कुनी ठरवलंय?" वर्गातून तारपे आले. चैतीचा सगळ्यात जुना, ताडाच्या पानावर तुझ्या आजीच्या लुगड्याची चिंधी बांधलेला. आणि चैतीनं तुझा रॉकचा धरला.

मी तो पहिल्यांदा समोरून ऐकला. तुझं म्हणणं खरं होतं, यमे. भांडण मिटलं, तू जिंकलीस. त्यात ड्रमवालीचे तडाखे होते, तोरंगणचा घाट होता, त्या पोराचं भिजलेलं डोकं होतं, आणि एका जागी तो सूर अडखळल्यासारखा होऊन पुन्हा उठतो, तिथे माझी पाठ होती. मी चपला काढल्या. ऑफिसच्या साडीचा पदर खोचला आणि पोरींच्या कमरेत हात घालून रांगेत शिरले. पाय चुकले. मग ठेक्यात बसले.

बाजूला आमचे विस्तार अधिकारी खुर्चीवर होते. रांग त्यांच्यासमोरून फिरली तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, ही तुमच्याकडची पद्धत?"

"हो," मी मोठ्यानं म्हणाले. "आमच्याकडची. आणि ती माझी मैत्रीण. आणि माझा आजा घोळकाठी धरायचा."

एवढं कुणी विचारलं नव्हतं. पण ते उत्तर मला द्यायचंच होतं.

मोखाड्याची जीप रस्त्यावर येऊन हॉर्न द्यायला लागली. चैती थांबेना, कुणी तिला थांबवेना. मी निघाले. शाळेच्या पायरीपासून रस्त्यापर्यंतचं सगळं मैदान मी उलटी चालत आले. चपला हातात, तोंड तारप्याकडे. एका दगडाला अडखळले, बोरीच्या काट्याला पदर अडकला, तरी वळले नाही. हेडसर निरोप द्यायला बरोबर येत होते, घाबरून माझा हात धरायला धावले.

"मॅडम, सांभाळा, मागे खड्डा आहे! हे काय चाळे?"

"रॉकचा, सर."